गूळपाण्याचा तांब्या

रॉकेलचा वास आला की मी आजही काकतीला, आक्काच्या सासरी जाऊन पोचतो. तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं. दाजी वारल्यापासून त्यांचा रॉकेलवर चालणारा जुनाट ट्रॅक्टर गोठ्यात गंजत होता. आज चालू झाला नाही तर भंगारात, असं सासऱ्यांनी आक्काला बजावलं होतं.

मी दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीला डिवचलं, "अण्णा, ह्यो तुमच्यापेक्षा म्हातारा हाय!"

"व्हय, पण तुझ्यासारखी बडबड करत न्हाय रं!" म्हणत अण्णांनी हँडल मारलं. ट्रॅक्टर खोकला आणि धडधडू लागला. मी टोपी उडवून नाचलो.

एवढ्यात आक्का गूळपाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. दाजी शेतातून परतताना हाच आवाज ऐकून ती अशीच यायची. रिकामी सीट दिसली आणि ती थबकली. अण्णांनी बंद करायला हात घातला.

"बंद करू नगासा," आक्का म्हणाली आणि तांब्या सीटपुढे धरून उभी राहिली.