कापसातली बाळंतीण

जळगावच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कारकून होतो, तेव्हाचा हा हमाल. दिवसभर कापसाचे बोजे वाहायचा. बोलायचा फार थोडं, आणि तेही इतकं सावकाश की पुढचा शब्द येईपर्यंत ऐकणाऱ्याला पेंग यावी.

त्या हिवाळ्यात आवारातल्या कापसाच्या ढिगात एक भटकी कुत्री व्याली. कुणी जवळ गेलं की गुरगुरायची. हा रोज दुपारी घरून ज्वारीची पेज आणून तिच्यापुढे ठेवायचा आणि तिच्याकडे पाठ करून बसायचा. म्हणायचा, "कुणी देखं तं ती खात नही."

एके दिवशी मालक म्हणाले, "हा ढीग आजच मशीनवर घ्या."

हा ढिगापुढे उभा राहिला. "आबा, बाळंतीन शे ती. दहा दिन ऱ्हाऊ द्या."

मालकांसमोर त्याला तोंड उघडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मालक वाकून ढिगात डोकावले आणि दुसऱ्या ढिगाकडे वळले.

तो पुन्हा पाठ करून बसला. उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. कुत्री उठली. तिनं एक पिल्लू तोंडात धरून आणलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. तो हलला नाही. पिल्लू झोपलं, आणि थोड्या वेळानं तोही.