अण्णांचा पाचशे एक नंबर

शेकडो माणसांचे पासवर्ड सांभाळून त्यातला एकही न पाहिलेला माणूस दाखवायचा झाला, तर मला फक्त आमचे अण्णा दाखवता येतील. कोल्हापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ते माझे वरिष्ठ. नव्वदच्या दशकात मी सोलापूरहून तिथे लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘पावणं’ म्हटलं आणि पुढे बारा वर्षं मी पावणंच राहिलो.

लॅबमध्ये चार मोठी मशीन होती, चार वेगळ्या कंपन्यांची. म्हणायला सगळी युनिक्स प्रणालीवर चालणारी, पण एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ. एकच नाव आणि एकच पासवर्ड चारही ठिकाणी चालावा म्हणून सगळी नोंद एका जागी ठेवायची सोय तेव्हाही होती. पण चौथं मशीन तिला दाद देत नसे, त्यामुळे ती बिनकामाची. “चार जावा हाईत ह्या,” अण्णा म्हणायचे, “सैपाक एक, पण मीठ चौघींचं येगळं.” म्हणून रोज सकाळी उदबत्ती लावून, खिशातली फ्लॉपी काढून ते चौघींना नव्या नोंदी जिच्या तिच्या पद्धतीने भरवून यायचे.

पासवर्ड बदलायचा तर विद्यार्थ्याने अण्णांसमोर पहिल्या मशीनवर बसायचं. तो टाइप करू लागला की अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे. पडद्यावर अक्षरं उमटत नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. “बोटं दिसत्यात की,” म्हणायचे. ही खोड लॅबपुरती असती तर ठीक. एसटीडी बूथवर पुढचा माणूस नंबर फिरवू लागला की हे रस्त्याकडे वळायचे. एकदा बँकेत माझी सही होईपर्यंत ते वर पंख्याकडे बघत राहिले. पंखा बिघडलाय असं वाटून कारकूनही वर बघू लागला.

पण त्यांचा खरा जीव नंबरांत. प्रत्येक माणसाला एक नंबर, चारही मशीनवर तोच, आणि सगळे एका लाल वहीत लिहिलेले. अण्णांचा स्वतःचा पाचशे एक. “नाव आपल्यासाठी हाय. मशीनला नंबर कळतोय.” कॉलेज सोडून गेलेल्याचा नंबरही ते दुसऱ्याला देत नसत. मला हा निव्वळ हट्ट वाटायचा. ते लेकीच्या लग्नासाठी पंधरा दिवस रजेवर गेले, तेव्हा मी वही न उघडताच दोन मशीनवर दोन विद्यार्थ्यांची खाती काढली आणि दोघांना एकच नंबर दिला. फायली मात्र सगळ्यांच्या एकाच जागी, आणि मशीनच्या लेखी ते दोघं आता एकच माणूस. आजऱ्याच्या एका मुलीचा अख्खा प्रोजेक्ट रिपोर्ट कागलच्या एका मुलाला आपल्या नावावर दिसला, आणि त्याने कचरा समजून पुसून टाकला. सबमिशन चार दिवसांवर आलेलं. मुलगी रडून रडून बेजार, आणि माझी नोकरी तर अजून कच्ची.

अण्णा हळदीच्या हातांनी परत आले. दर शनिवारी फायलींची नक्कल टेपवर घेऊन ठेवायचे, तिच्यावरून त्यांनी रिपोर्ट परत मिळवला, आणि उरलेली पानं मुलगी टाइप करत असताना दोन दिवस शेजारी बसून राहिले. प्राचार्यांनी चूक कुणाची विचारलं, तर म्हणाले, “माझ्याकडनं झालंय, साहेब. वही कुलपात ठेवून गेलतो.” वही माझ्या टेबलावर होती. मला फार लाज वाटली. अण्णांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

पुढे लिनक्स ही नवी प्रणाली आली, सगळ्यांची नोंद एका सर्व्हरवर गेली, फ्लॉपी नुसतीच खिशात राहिली. अण्णा निवृत्त झाले त्या आठवड्यात ऑफिसचा आदेश आला: गेलेल्यांची खाती बंद करा, नंबर नव्यांना द्या. माझ्याकडे कधी काही न मागितलेले अण्णा म्हणाले, “पावणं, खातं बंद करा. पण नंबर कुणाला दिऊ नका. माझ्या जुन्या फायली त्या बिचाऱ्याच्या नावावर जातील. उगंच घोर.” बोलताना ते फ्लॉपी चाचपत होते.

मी त्यांना खुर्चीत बसवलं, म्हटलं, “खातं राहू दे. नवा पासवर्ड घाला,” आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे दोन बोटांनी, सावकाश, बराच वेळ टाइप करणं चाललं होतं. मग आवाज आला, “झालं. वळा आता.” मला लगेच वळता आलं नाही.

आदेश मी नुसताच फायलीला लावला. अण्णा वारले, त्यालाही आता दोन वर्षं झाली. नवीन माणूस आला की मी वहीतल्या शेवटच्या नंबराच्या पुढचा देतो; पाचशे एक अण्णांचाच.