निजाममामा आणि चौथी पायरी

आमच्या गॅसवाल्या निजाममामांना खांद्यावर भरलेलं सिलिंडर असल्याशिवाय बोलता येत नसे. रिकाम्या हातांनी समोर आले की ते स्वतःच्या चपलांकडे बघत उभे राहायचे. 'बरं आहे ना?' विचारलं तरी कानाची पाळी चोळायचे. पण टेंपोतून उतरवलेलं तीस किलोचं धूड एकदा खांद्यावरच्या दुमडलेल्या टॉवेलावर बसलं, की नळाला पाणी यावं तसे शब्द यायचे. मी एकदा कारण विचारलं. अर्थात सिलिंडर खांद्यावर असताना. म्हणाले, "सर, वझं आसलं की मानूस माज्या तोंडाकडं बघत न्हाई, वझ्याकडं बघतोय. मग मला लाज वाटत न्हाई."

कराडातली आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची. मी चौथ्या मजल्यावर. मामा तळमजल्यावर गोष्ट सुरू करायचे आणि चढता चढता सांगत यायचे, त्यामुळे प्रत्येक मजल्याच्या वाट्याला गोष्टीचा एकेक तुकडा यायचा. आमच्या दारात नेहमी शेवट. "...आन् मग ती म्हस आपली आपनच परत आली, वैनी!" एवढं ऐकून आमची मंदा, म्हणजे माझी बायको, पायांत चपला सरकवून पहिल्या मजल्यावर धावायची. कुणाची म्हैस, गेली कुठं होती, हे तिथं कळायचं. पहिल्या मजल्यावरच्या बायका तोवर शेवट ऐकायला वर निघालेल्या असायच्या. दुसऱ्या मजल्यावर दोन्ही पक्षांची गाठ पडायची. महिन्यातून चार-पाच वेळा आमच्या जिन्यात असं संमेलन भरे.

मजल्या-मजल्यावर मामा सिलिंडर टेकवायचे. टेकवलं की गप्प. घाम पुसायचे, पाण्याचा तांब्या घ्यायचे, 'व्हय-न्हाई' सुद्धा मानेनंच. उचललं की अर्धवट वाक्य जिथं सोडलं होतं, तिथूनच पुढे.

आता जे सांगायचं ते सांगतो. मी गणिताचा निवृत्त मास्तर, सोसायटीचा चेअरमन, आणि सरळ माणूस म्हणून इमारतीत माझा लौकिक. हा लौकिक खोटा आहे.

बारा वर्षांपूर्वीची होळी. पुरण शेगडीवर चढलेलं असताना आमचा गॅस संपला. मामा लेकीच्या लग्नासाठी कवठे महांकाळला गेलेले. मंदा म्हणाली, "मामा असते तर!" ते माझ्या वर्मी लागलं. तळमजल्यावर शेजाऱ्यांकडे जादाचं भरलेलं सिलिंडर होतं. ते मागून घेतलं, खांद्यावर टॉवेल टाकला, मामांसारखा हुंकार दिला आणि निघालो. पहिला मजला जिद्दीनं चढलो. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात चौथ्या पायरीवर सिलिंडर खांद्यावरून घसरलं. पायरीचा कोपरा ताटलीएवढा उडाला. नशिबानं सिलिंडर भिंतीला अडकून थांबलं. रस्त्यावर हलगी इतक्या जोरात घुमत होती, की आवाज कुणालाच आला नाही. तिथून पुढे ते मी बाळाला मिठी मारावी तसं कवटाळून, एकेक पायरी ढकलत वर नेलं. दार उघडून मंदा थक्क. "अगंबाई, एकट्यानं आणलंत?" मी टॉवेल झटकला आणि म्हणालो, "त्यात काय!"

त्यानंतर बारा वर्षं ती हे येईल-जाईल त्याला सांगत होती. मी दरवेळी नम्रपणे खाली बघायचो.

मामा परत कामावर आले आणि आठवड्याभरात फुटकी पायरी लोकांच्या डोळ्यांत भरली. सभा भरली. "गॅसवाल्यानंच आपटलं असणार," कुणीतरी म्हणालं. मामांना बोलावलं. ते रिकाम्या हातांनी आले! समोर वीस माणसं, खांद्यावर काही नाही. कानाची पाळी लाल होईपर्यंत चोळली आणि मान डोलावली. मी चेअरमन. मी ठराव लिहिला, माझ्या वळणदार अक्षरात: भरलेलं सिलिंडर जिन्यात कोठेही टेकवू नये.

दुसऱ्या दिवसापासून मामा चार मजले न थांबता चढू लागले. आमच्या दारात गोष्टीचा शेवट यायचा, पण नुसता धापांचा. फुटक्या पायरीवर ते कधी पाय ठेवत नसत, ओलांडून जात. एकदा म्हणाले, "कवा आपटलं त्ये आटवत न्हाई बगा सर. पर आपटलं आसंल. न्हाईतर पायरी कशी फुटंल?" मी "हं" म्हणालो. त्या 'हं'नं मला बारा वर्षं सोलून काढलं.

ठरावाचा निकाल बायकांनीच लावला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्याच्या वळणावर पाट मांडला. मी चेअरमनकी दाखवायला गेलो, तर काकू कडाडल्या, "ठराव जिन्याचा हाय, पाटाचा न्हाई! वाचा पुन्यांदा." मग प्रत्येक मजल्यावर पाट आले. चैत्रात कुणीतरी सिलिंडरला हळदी-कुंकू लावलं. लग्नसराईत रांगोळी काढली. मामा नवरदेव बसवावा तसं सिलिंडर अलगद पाटावर बसवायचे. मी बघायचो आणि आतल्या आत वितळायचो.

या मार्चमध्ये मामा थांबले. "गुडघं फुगडी घालायला लागल्यात सर." आता लेकीकडे जाऊन राहणार होते. आम्ही पार्किंगमध्ये निरोप समारंभ ठेवला. शाल झाली, नारळ झाला, माइक हातात दिला. मामा चपलांकडे बघत उभे. एक मिनिट, दोन मिनिटं. कानाची पाळी. मग काकू ओरडल्या, "अरं सिलिंडर आना कुनीतरी!" दोघे धावले आणि घाईत रिकामंच घेऊन आले. मामांनी ते हातानं नुसतं जोखलं आणि मान हलवली. सगळी इमारत हसून लोळली. भरलेलं आणलं. शालीचीच घडी खांद्यावर घेऊन मामांनी ते चढवलं आणि सुटले! चार मजल्यांच्या गोष्टी एकाच जागी, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच अखंड ऐकल्या. शेवटी म्हणाले, "लय माया केली तुमी. येकच चूक झाली माज्या हातनं. ती पायरी."

मी उठलो. माइक घेतला. तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. बारा वर्षं मनात घोकलेली वाक्यं, एकही येईना. मामांनी भरलेल्या सिलिंडराखालूनच मला निरखलं. "सरांस्नी बी वझं द्या गड्यांनू. त्याबिगार न्हाई बोलता येनार."

ते मघाचं रिकामं माझ्या खांद्यावर ठेवलं, दोन्हीकडून दोघांनी धरलं. खरं सांगतो, शहात्तराव्या वर्षी मला शब्द आले. होळी, हलगी, चौथी पायरी, ठराव, सगळं.

मंदा म्हणाली, "म्हणजे होळीचं सिलिंडर तुम्ही...?" मी म्हणालो, "मिठी मारून आणलं." ती हसत हसत खुर्चीतच वाकडी झाली.

माझं लक्ष मामांकडे. त्यांचे ओठ हलत होते, काहीतरी मनात जुळवत होते. मग हळूच विचारलं, "म्हंजे सर... उभ्या जल्मात माज्या हातनं येकबी सिलिंडर पडलं न्हाई?"

"एकही नाही, मामा."

"येकबी न्हाई!" मामा ओरडले आणि भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन जागच्या जागी गिरकी घेतली. फुगडी घालणारे गुडघे कुठं गेले कुणास ठाऊक. "ऐकलं का वं काकू? येकबी न्हाई!" कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला. माझ्यावर रागवायचं मामांच्या गावीही नव्हतं, आणि हा आनंद मी त्यांना बारा वर्षं आधी देऊ शकलो असतो, हे मला तिथं त्या डब्याच्या ठेक्यावर कळलं.

आता दर आठवड्याला कवठे महांकाळहून फोन येतो. आधी नुसता श्वास. मग "थांबा सर," आणि कसलीशी झटापट. जावयाचं एक करडू आहे, ते खांद्यावर घेतलं की मामा बोलू लागतात. "सर, हितं न्हावी बसल्यात. त्यास्नी त्ये पायरीचं सांगा." मी सांगतो. मधे करडू ओरडतं. आजवर न्हावी, चहावाला, व्याही आणि एस.टी.चा एक कंडक्टर, एवढ्यांपुढे माझी कबुली झाली आहे.

परवा म्हणाले, "सर, फोनवर कोन इस्वास ठेवत न्हाई. ल्हिऊनच द्या की. ठराव ल्हिता तसं, कडक."

तर लिहून देतो. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातली चौथी पायरी मी फोडली. निजाममामांच्या हातून उभ्या आयुष्यात एकही सिलिंडर पडलं नाही. मामा, करडू खाली ठेवायच्या आधी हे तिथं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.