दोन डिग्रीतला जोड

मी जोड दोन्ही हातांनी ओढला आणि केळ्याची साल सुटावी तसा तो सुटला. ग्रेग नुसता बघत राहिला. तीस वर्षं छपरं घालणारा आमचा फोरमन. त्याला मी वेगळं काय सांगणार?

जुलै महिना, म्हणजे ऑस्ट्रेलियातला हिवाळा. गाव बॅलरॅट. मंगळवार, सकाळचे साडेसात, तापमान दोन डिग्री. वृद्धाश्रमाच्या नव्या इमारतीचं छप्पर चाललं होतं. मी कंपनीची क्वालिटी इंजिनिअर. अशा मोठ्या सपाट छपरावर पत्रे नसतात. मेम्ब्रेनचे, म्हणजे जाड प्लॅस्टिकसारख्या शीटचे रोल अंथरतात. दोन शीटच्या कडा एकमेकींवर घ्यायच्या, मधून मशीनने गरम हवा सोडायची, वरून रोलर दाबायचा. कडा वितळून एकजीव होतात. चांगला जोड ओढला तर शीट फाटते, जोड सुटत नाही.

आमचा सुटला होता. शीटवर दव गोठलं होतं. माणसांनी ते पुसलं होतं, पण शीट बर्फासारखी गार. मशीनची उष्णता ती गरम करण्यातच संपत होती.

खरी अडचण पुढेच होती. सोमवारचे जोडही असेच सकाळी केलेले, आणि त्यांच्या तपासणीच्या कागदावर माझी सही होती. मी कडेने हूक फिरवून फटी शोधल्या होत्या, सापडल्या नव्हत्या. कापून मात्र पाहिलं नव्हतं.

आता तीन ठिकाणी कापलं. दोन तुकडे सुटले.

प्रोजेक्ट मॅनेजर सायमनला फोन केला. शुक्रवारी पाऊस आहे, हे त्याने आधी ऐकवलं. मग विचारलं, "मेधा, कालचं काम तूच पास केलंस ना?"

"केलं. चुकले. आता फेल करतेय."

किती दिवस, एवढंच त्याने विचारलं. मी गुरुवार संध्याकाळ सांगितली.

रोल हीटर लावलेल्या कंटेनरमध्ये हलवले. काम सातऐवजी दहाला सुरू. मशीन हळू चालवायचं, हवा जास्त गरम. सोमवारच्या सगळ्या जोडांवर नवी पट्टी. सुरुवातीला आणि जेवणानंतर एक नमुना जोड करून तो फाडून बघायचा. ग्रेग दहाला सुरू करण्यावरून कुरकुरला, पण जनरेटरची वायर फार लांब आहे, मशीनला पुरेशी पॉवर मिळत नाही, हे त्यानेच ओळखलं. जनरेटर जवळ आणून ठेवला.

पहिला नमुना ग्रेगनेच पकडीने ओढला. शीट फाटली, जोड हलला नाही. फाटका तुकडा त्याने माझ्या हातात दिला.

"आता कर सही, मेट."

गुरुवारी चारला शेवटचा जोड झाला. शुक्रवारी पाऊस कोसळला. मला जायचं कारण नव्हतं, तरी ट्रुगानिनातल्या घरून गाडी काढली. नव्या इमारतीच्या डायनिंग हॉलमध्ये मान वर करून तासभर फिरले. ग्रेगही तिथे होता. थर्मास विसरलो म्हणाला. सीलिंग कोरडं ठणठणीत होतं. इतकी वर्षं नोकरी केली, पण त्या दिवशीइतक्या ताठ मानेने घरी क्वचितच गेले असेन.

आता आमच्या फॉर्मवर एक रकाना वाढलाय: शीटचं तापमान. तो मी घालून घेतला. थंडीतही छप्पर उत्तम होतं. फक्त काम सुरू करायची वेळ घड्याळाला विचारायची नाही.