अण्णाला डोहात कोण दिसलं

या सदरातले अनुभव मी आजवर जेवता जेवता करमणूक म्हणून वाचत आलो. बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो. मी उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन चालवतो... जे मायक्रोमीटरमध्ये सापडत नाही ते नाहीच, असं मानणारा माणूस. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की दार लावून टीव्हीचा आवाज वाढवणारा. आज मीच लिहायला बसलोय, आणि कुणी हसलं तर त्याला बोल लावायचा हक्क मला नाही.

गोष्ट गेल्या नाही, त्याच्या आदल्या दिवाळीनंतरची. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. बेळगावात खासबागला राहतो. मी दोन गल्ल्या सोडून. अण्णानं तीस वर्षं मागावर साड्या विणल्या. आधी काचबिंदू, त्यात साखर... आणि डोळे गेले. गेले म्हणजे पूर्ण गेले. दिवस आहे की रात्र, तेही कळत नाही. या घटनेच्या वेळी त्याला चार वर्षं होऊन गेली होती.

आमचं मूळ गाव जांबोटीच्या पुढं. लहानपणी मलप्रभेत गांडूळ लावून मासे धरायचं वेड मला अण्णानंच लावलेलं. डोळे गेल्यावर ते सुटलं, कारण पाण्यावरचा बूच बुडाला की ओढायचं, हे सगळं बघण्यावर चालतं. दोन वर्षं तो नुसता सोप्यात बसून असायचा. शेजारचे माग सुरू झाले की मान तिकडं वळायची, तेवढंच.

मग मी यूट्यूबवर सॉफ्ट प्लॅस्टिक ल्युअर बघितले. म्हणजे मऊ रबरासारख्या प्लॅस्टिकचे खोटे मासे आणि किडे, अगदी बोटाच्या पेराएवढे. शिशाचं डोकं असलेल्या बारीक गळात ओवायचे, लांब फेकायचे आणि हळूहळू ओढून घ्यायचे. शेपटी हलते ती दोऱ्यातून हाताला कळते. मासा टोचतो तेही हातालाच. बघायचं काहीच नाही! मी एक पाकीट मागवलं आणि अण्णाच्या हातात दिलं. त्यानं एकेक बोटात धरून शेपटी वाकवून बघितली आणि विचारलं, "हे खाईल व्हय मासा?"

पहिल्या रविवारी एकही लागला नाही. दुसऱ्या रविवारी वीतभर जिलेबी मासा लागला आणि अण्णा कितीतरी दिवसांनी हसला.

तिथून आमचे प्रयोग सुरू झाले. बाजारातले ल्युअर आमच्या ओढ्या-नद्यांतल्या माशांना मोठे पडायचे. मग जुने तुकडे वितळवून प्लास्टरच्या साच्यात ओतायचे, छोटे करायचे. शेपटी पातळ केली तर काय होतं, मधून चिरली तर काय होतं... यात खरं कामाचं माणूस म्हणजे शालनवैनी, अण्णाची बायको. स्वयंपाकघरात प्लॅस्टिकचा वास सुटतो म्हणून ती आधी माझ्यावर रागावली. नंतर तिनंच जुना मसाल्याचा डबा धुऊन दिला. त्याच्या सात वाट्यांत सात तऱ्हेचे ल्युअर. नखं कापायच्या कात्रीनं शेपट्या चिरायची तीच, कारण माझा हात जड. चिरलं की बादलीत सोडायची, दोरा अण्णाच्या हातात द्यायची आणि विचारायची, "आता हलतंय का?" अण्णा डोळे मिटून सांगायचा... मिटायची गरज नव्हती, तरी मिटायचा.

त्या शनिवारी संध्याकाळी वैनीनं एक वेगळाच केला. बोटाच्या अर्ध्या पेराएवढा, शेपटी दोन केसांसारखी चिरलेली. बादलीत अण्णा म्हणाला, हे चालणार. वैनीला त्या दिवशी बरं वाटत नव्हतं, पाठ भरून आल्यासारखं म्हणत होती. पण ते तिचं नेहमीचंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

रविवारी सकाळी आठला मी अण्णाला मोटारसायकलवर मागं बसवून निघालो. वैनी तेव्हा आत होती, न्हाणीत. आतूनच म्हणाली, उन्हाच्या आधी या. मी तिला बघितलं नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण नंतर मी ते स्वतःलाच शंभर वेळा विचारलंय. मी तिला त्या सकाळी बघितलं नाही.

जांबोटीच्या पुढं आमच्या शेताखाली नदीला एक डोह आहे. फार मोठा नाही, आमच्या बाजूला गुडघाभर पाणी, पलीकडं काळा दगड आणि त्याच्याखाली खोल. दिवाळीनंतर पाणी नितळ असतं. फोनला रेंज नाही. माणूस नाही, नुसती भातं कापलेली शेतं. अण्णाला मी काठावरच्या सपाट दगडावर बसवलं, रॉड हातात दिला. दोनेक तास काहीच झालं नाही. मग मी वैनीनं केलेला तो केसांच्या शेपटीचा ल्युअर लावला. पाण्यात शेपटी कशी हलते त्याचा व्हिडिओ घ्यावा म्हणून मी फोन सुरू केला. घरी वैनीला दाखवायचा होता.

तो व्हिडिओ अजून माझ्याकडं आहे. अकरा वाजून चौदा मिनिटांचा. त्यात पाणी आहे, तळाचे खडे आहेत, मागं पलीकडचा दगड आहे, इवलीशी शेपटी हलतेय. आणि मागून अण्णाचा आवाज येतो.

"संज्या, पाण्यात कोण उभं हाय रं?"

मला वाटलं आवाज ऐकून विचारतोय. मी म्हटलं, कोण नाही.

"त्या दगडाजवळ. बाई हाय."

मी फोन खाली घेतला आणि अण्णाकडं बघितलं. त्याची मान सरळ पलीकडच्या दगडाकडं वळलेली होती. आंधळा माणूस आवाजाकडं कान करतो, तोंड नाही, चार वर्षांत हे मला पाठ झालं होतं. अण्णानं तोंड केलं होतं. डोळे बारीक केले होते... उन्हात आपण करतो तसे.

मी परत सांगितलं, अण्णा, तिथं कोणी नाही. मग मागावर बसून गिऱ्हाइकाला साडी सांगायचा, अगदी त्याच आवाजात म्हणाला, "आमसुली लुगडं हाय. काठ मोतिया, काठात रुईफूल. पाणी लागंल म्हणून निऱ्या उचलून धरल्यात." आणि थोड्या वेळानं, हळू, "शालन हाय ती. तोंड न्हाय दिसत. मागनं ऊन येतंय."

मी काय केलं तेही लिहितो. मला वाटलं साखर उतरली. पूर्वी एकदा साखर उतरल्यावर तो असंच असंबद्ध बोलला होता. मी त्याला बिस्किटं दिली, त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली. मग म्हणाला, "घरला जाऊया."

आणि नेमका तेव्हाच मासा लागला. पहिला. चांगला हातभर मरळ. मी म्हटलं, दहा मिनिटं थांब अण्णा, आत्ताच लागायला लागलेत. त्या ल्युअरवर एकामागोमाग तीन मासे लागले. असं आम्हाला कधीच झालं नव्हतं. मी वेड्यासारखा फेकत राहिलो. दहाची चाळीस मिनिटं झाली. अण्णा दगडावर हात मांडीवर ठेवून बसला होता, तोंड त्याच बाजूला. एका शब्दानं बोलला नाही. शेवटी मी सामान आवरायला लागलो तेव्हा म्हणाला, "गेली," आणि उठून उभा राहिला.

जांबोटी सोडून थोडं पुढं आल्यावर रेंज आली आणि खिशात फोन थरथरायला लागला. थांबेचना. मी गाडी बाजूला घेत होतो. मागून अण्णा म्हणाला, "उचलू नको. चालव."

घरी पोचलो तर दारात माणसं.

शेजारच्या आक्कांनी सांगितलं, वैनी उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. अकराच्या सुमाराला त्यांच्याशी बोलली. साडेअकराला त्या विरजण मागायला आल्या तर भिंतीला टेकलेली, मांडीवर मेथी तशीच. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, एका क्षणात गेल्या असतील, घरी कुणी असतं तरी काही करता आलं नसतं.

आत सोप्यात तिला निजवलं होतं. मी आधी पायांकडं बघितलं, मग साडीकडं. आमसुली. मोतिया काठ. मी दाराची चौकट धरली.

अण्णाला मी तिच्याजवळ बसवलं. त्यानं पदर चाचपला, काठ दोन बोटांत धरून वीतभर पुढं नेला. तीस वर्षं काठ विणलेली बोटं.

अण्णाची मुलगी सुजाता निपाणीला दिली आहे. ती दोनपर्यंत आली. चार दिवस मी कुणालाच काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी आम्ही दोघंच मागच्या दारी होतो तेव्हा मी तिला विचारलं, आईची ती साडी कुठली? ती म्हणाली, दिवाळीच्या पाडव्याला मीच घेतली. काका, त्या साडीची एक गंमत आहे. मी दिली तेव्हा बाबांनी विचारलं, रंग कुठला? आईनं मला डोळ्यानं खुणावलं आणि सांगितलं, हिरवा. बाबांना तिला हिरव्यात बघायला आवडायचं ना. डोळे गेल्यापासून ती कुठलीही नेसली तरी हिरवीच सांगायची...

एवढं बोलून सुजाता रडायला लागली. मीही.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. काठातली रुईफुलाची नक्षी त्याला बोटांनी आधी कधी कळली असेल. शक्य आहे. पण रंग? कुणी सांगितला असेल? सुजाता शपथेवर सांगते, नाही. आक्कांना विचारलं, त्या म्हणाल्या, वैनीनं ती साडी घडी मोडून त्या दिवशीच पहिल्यांदा नेसली होती. कारण काय, तेही कुणाला माहीत नाही. मी अण्णाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, दृष्टी गेलेल्यांना कधीकधी चित्रं दिसतात, अगदी स्पष्ट, मेंदू जुनं काही काढून दाखवतो. मला ते पटलंही. पण पाडव्याला त्याचे डोळे जाऊन चार वर्षं झाली होती... आणि मेंदूत होता तो रंग तर हिरवा होता. डॉक्टरांनी अण्णाची फाईल परत पहिल्या पानापासून चाळली.

तो व्हिडिओ मी कितीदा थांबवून थांबवून बघितलाय. दगड दिसतो, पाणी दिसतं. दुसरं काही नाही. तो इथं टाका असं कृपया म्हणू नका, त्यात माझ्या भावाचा आवाज आहे.

त्यानंतर अण्णाला आणखी कधी काही दिसलं नाही. मी विचारलंय. मासे धरायला आम्ही परत गेलो नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर एका संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसलो होतो. मनात साचलेलं बाहेर काढावं म्हणून मी त्याची माफी मागितली. म्हटलं, तू घरी जाऊया म्हणालास आणि मी चाळीस मिनिटं तुला बसवून ठेवलं. अण्णानं माझा हात शोधून धरला. म्हणाला, त्याचं काही नाही, लवकर निघून तरी काय, तासाभराची वाट. डॉक्टर म्हणालेच की.

माग बंद झाले होते, गल्ली शांत होती.

"मला हाक मारायची होती रं तिला," तो म्हणाला. "तू म्हणालास कोण न्हाय. मला वाटलं, डोळे असलेला माणूस सांगतोय, त्याचंच खरं. म्हणून गप्प बसलो."

"ती थांबली होती लई वेळ," तो म्हणाला.