चंदेरी पत्रा आणि समोरचा ओटा

तारापुरातली आमची जुनी बाजारगल्ली ऐतिहासिक आहे. हे आम्हाला फोटो काढायला येणाऱ्यांनी सांगितलं. आम्ही तिला फक्त गळकी म्हणून ओळखत होतो. चुन्याच्या भिंती, कौलं, लाकडी खांब, पुढे ओटा. मी जुनं घर पाडून दुमजली बांधलं, तेव्हा दर्शनी भिंतीला काय लावायचं यावर अख्ख्या गल्लीने मत दिलं. न मागता, अर्थातच.

समोरच्या काकीला मात्र मी आपणहून विचारलं. जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरलेली बाई. गुडघे गेल्यापासून तिचं जग म्हणजे तिच्या दारापुढचा ओटा. दुपारभर तिथे सावलीत पाय पसरून जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, निवडायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून चौकशी करायची.

"चुना लाव," ती म्हणाली. "डोल्यांना गार लागता."

मी हसलो. चार बुकं शिकलेला माणूस हसतो, तसं. चुना म्हटलं की दरवर्षी हात मारणं आलं, आणि खाऱ्या वाऱ्यापुढे तो टिकणार किती? मी बोईसर गाठलं. दुकानदाराने चंदेरी पत्र्याचा तुकडा पुढे ठेवला. कारखान्यांच्या ऑफिसांना लावतात तो, आरशासारखा चकचकीत.

"समुंदर की हवा इसका कुछ नहीं बिगाड़ेगी," तो म्हणाला. माणूस खरं बोलला. हवेने त्या पत्र्याचं आजवर काही बिघडवलेलं नाही. बिघडवण्याचं खातं पत्र्याने स्वतःकडे ठेवलं.

पत्रे चढले. गावातल्या जुन्या किल्ल्याशेजारी एखाद्या केमिकल कंपनीचं ऑफिस उघडावं तसं घर दिसू लागलं आणि मी गल्लीच्या टोकाला उभं राहून ते दहादा पाहिलं. पाहुणे म्हणाले, परदेशात आल्यासारखं वाटतं. कुठल्या, ते मी विचारलं नाही.

माझ्या घराचं तोंड पश्चिमेला. चार वाजले की ऊन वरच्या मजल्यावर आदळायचं आणि तिथून थेट काकीच्या ओट्यावर उतरायचं. एक सूर्य तिला होताच, दुसरा मी दिला, तोही फुकट. आधी ती डोळ्यांवर पदर ओढून बसायची. मग तिने खांबाला गोणपाट बांधलं. मग ओटा रिकामाच दिसू लागला. लेकीकडे गेली असेल, असं मी धरून चाललो. तसं धरून चालणं सोयीचं होतं.

आठवडाभराने मी तिच्या घरात डोकावलो. ती मागच्या दारी भिंतीला टेकून जवळा निवडत होती. समोर शेजाऱ्याच्या संडासाची भिंत, चिटपाखरू नाही.

"काकी, इथे का बसलीस?"

"थयं आता बसवत नाय रे. डोले दिपतात. पन तुजा घर बेस हाय."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, उलटून काही बोलता आलं असतं.

तिने सूप बाजूला ठेवलं. "आज गल्लीतून कोन कोन गेला रे?"

मला एकाचंही नाव सांगता येईना. फार लाज वाटली. पत्रे उतरवतो म्हणायला तोंड उघडलं, आणि मग लोक काय म्हणतील ते आठवलं.

"मासळीवाली गेली," मी खोटंच सांगितलं.

काकी पुढे सरकली. "पाटीत काय होता?"