सुधाकरभाऊ जे दिसतं तेच काढतात

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी बाजाराच्या रस्त्यावर माझं फ्रेमचं दुकान आहे. फ्रेम कापली की लाकडाचे तुकडे उरतात. फेकवत नाहीत, कोपऱ्यात साचत जातात. सुधाकरभाऊंचे किस्सेही माझ्याकडे असेच साचलेत. भाऊ म्हणजे शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंगचे मास्तर. आता दिवसभर चित्रं काढतात आणि फ्रेमसाठी माझ्याकडे आणतात. त्यांचा नियम एकच, "जे आज दिसून राह्यलं, तेच काढाचं!"

*

नागपूरच्या एका साहेबांना नव्या घराच्या हॉलसाठी जंगलाचं चित्र हवं होतं. भाऊंनी काढलं. सफारीची उघडी जिप्सी, तिच्यात सहा माणसं आणि सहाही जणांचे मोबाईल वर. मागे बांबूचं रान.

साहेब दुकानात येऊन बराच वेळ शोधत राहिले. "मास्तर, यात वाघ कुठे आहे?"

"तो तं हे सगळं पाहून राह्यला, साहेब!"

साहेबांनी दचकून मागे पाहिलं. माझ्या दुकानात!

*

धानोऱ्याकडे भाऊ मोहफुलं वेचणाऱ्या बायकांची स्केचेस करायला गेले होते. त्यातली एक बाई टोपली खाली ठेवून उंच दगडावर चढली आणि मोबाईल डोक्यावर धरून नेटवर्क शोधायला लागली. भाऊंनी तीच काढली.

चित्र दाखवायला आम्ही दोघं परत गेलो. बाईने नीट पाहिलं. साडी बरोबर, टोपली बरोबर. मग मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवलं. "भाऊ, नेटवर्कची एकच दांडी काऊन काढली? मले तं दोन येत होत्या!"

भाऊंनी झोळीतून ब्रश काढला आणि तिथल्या तिथे दुसरी दांडी ओढून दिली.

*

चंद्रपूरच्या प्रदर्शनात एक गृहस्थ भाऊंना म्हणाले, "मॉडर्न आर्ट आहे म्हणता, पण मला तर सगळं समजून राह्यलं!"

भाऊंनी हात जोडले. "चूक झाली, साहेब. पुढच्या वेळी काळजी घेतो."

*

शीला ही भाऊंची जुनी विद्यार्थिनी, आता नर्स. तिच्या वडिलांनी सांगितलं, "पोरीचं चित्र काढा. चांगली काठाची साडी नेसवा."

भाऊंनी काढली ती स्कूटीवरून घरी येणारी शीला. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ. दिसतात ते फक्त डोळे.

वडील चिडले. "मास्तर, पोरगी कुठी आहे यात?"

शीलाची आई मात्र चित्राजवळ गेली. म्हणाली, "डबल ड्युटी करून आली आहे ते. बोलू नका तिले आता."

*

सखूबाईचं घर तळ्याच्या काठावर. मासेमारीवर जगणारं कुटुंब. गेल्या वर्षी तिचा नवरा वारला. त्याचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. तो घेऊन ती भाऊंकडे आली. "एवढं मोठं करून द्या, भाऊ."

भाऊंनी मन लावून काढलं. चित्र घ्यायला बाई दुकानात आली आणि जवळून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हे कार्डातले आहेत, भाऊ. घरातले नाईत."

मला वाईट वाटलं. भाऊंनी मात्र चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि विचारलं, "घरी कसे दिसत होते?"

बाईने आठवून पाहिलं. "मी चुलीजवळ राहो. ते दारात बसून तळ्याकडे पाहत. मले तं त्यांची पाठच दिसे."

पुढचे पंधरा दिवस भाऊ रोज सकाळी तिच्या चुलीजवळ जाऊन बसले. मग दुसरं चित्र झालं. दाराच्या चौकटीत बसलेला माणूस, पाठमोरा. बनियनला खांद्याशी भोक. बाजूला उंबरठ्यावर तडा गेलेला मोबाईल. समोर तळं.

फ्रेम करून आम्ही ते घरी नेलं आणि भिंतीशी टेकवलं. सखूबाई चुलीपुढे काम करत होती. हात पुसत उठली, पाहत राहिली. परत चुलीशी बसली, जाळ सारखा केला आणि रोजच्या आवाजात विचारलं, "चाय मांडू का?"

मी म्हटलं, "नको बाई, आत्ताच घेऊन आलो."

भाऊंनी हळूच माझा हात दाबला. बाई चित्रातल्या पाठीकडेच पाहत होती.